बुद्रुक आडनावाचा शिपाई

अण्णा जाऊन दीड वर्ष झालं, तरी त्यांच्या घरचं लाइटबिल अजून त्यांच्याच नावानं येतं. नाव बदलायचा अर्ज त्यांच्या मुलानं माझ्याकडूनच टाइप करून नेला होता, तो कुठं पडलाय देव जाणे. अण्णांना ह्याचं काहीच वाटलं नसतं. "बिलावर मानूस मरत नसतो," असं ते म्हणायचेच, आणि बत्तीस वर्षं मीटरचं रीडिंग घेऊन मिळवलेलं हे ज्ञान होतं. जुन्नर आणि आंबेगाव ह्या दोन तालुक्यांत त्यांनी चौकटीवर बॅटरी मारली नाही असं घर सापडायचं नाही.

मंचरला एस.टी. स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. समोर हायवे, त्यामुळे दिवसभर ओरडूनच बोलावं लागतं, आणि घरी गेल्यावर नवरा म्हणतो, अगं मी बहिरा नाहीये. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे फॉर्म, लग्नपत्रिका, फ्लेक्स, सगळं आमच्याकडं होतं. अण्णा रिटायर झाल्यावर पहिल्यांदा आले ते ह्यातल्या कशालाच नाही. उंबऱ्यात उभे राहिले, मान वर करून आधी मीटर बघितला आणि म्हणाले, "चकती पळतीय की. पंखा कुनासाठी लावलाय?"

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं हे खरं, पण हे विचारणारा हा कोण टिकोजीराव? मी म्हटलं, "काका, तुम्हाला काय पाहिजे?"

"मेलेली मानसं शोधायचीत. कम्प्युटरात सापडतात म्हणं."

मी दोन पावलं मागं सरकले, खोटं कशाला सांगू.

त्याचं असं झालं होतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी ते आणे पठारावरच्या एका गावात जुन्या चावडीचं रीडिंग घ्यायला गेले. मीटर काही दिसेना. जळमटं काढायला त्यांच्याजवळ एक आकडी लावलेली काठी असायची, तिनं भिंत साफ केली तर मीटरच्या आधी एक संगमरवरी पाटी निघाली. इंग्रजीतली. शाळेतल्या गुरुजींना बोलावून ती वाचून घेतली. ह्या गावातनं अमुक इतकी माणसं पहिल्या महायुद्धावर गेली, त्यातल्या तिघांनी प्राण दिले. बास. नाव एकाचंही नाही.

अण्णांचं डोकं फिरलं. देशप्रेम उफाळून आलं वगैरे समजू नका. त्यांचा आक्षेप निव्वळ खात्याच्या शिस्तीचा होता. "आकडा हाय आन ग्राहकाचं नाव नाय? असलं रीडिंग मी आनून दिलं असतं तर साहेबानं मला घरी बसवला असता!" हे वाक्य मी निदान दोनशे वेळा ऐकलं असेल. चहा पिताना, पाऊस बघताना, एकदा तर चक्क माझ्या नणंदेच्या बाळाच्या बारशात.

महायुद्धात मेलेल्यांची नावं सांभाळणारं एक ऑफिस तिकडं साहेबाच्या देशात आहे. त्यांची यादी इंटरनेटवर कुणालाही बघता येते, आणि एखादं नाव राहिलं असेल किंवा चुकलं असेल तर पुराव्यानिशी कळवलं की ते दुरुस्त करतात. हे अण्णांना कुणी सांगितलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ज्यानं सांगितलं त्याला एक दिवस माझ्या दुकानात बसवायला पाहिजे होता.

रोज अकराला यायचे. स्वतःचं लाकडी स्टूल आणून ठेवलं होतं, त्यावर दुसऱ्या कुणी बसलं की "हे सरकारी हाय" म्हणून उठवायचे. सरकारी कसलं डोंबलाचं, मुलाच्या दुकानातनं आणलेलं. जून महिन्यात पोरांच्या ॲडमिशनची रांग पार रस्त्यापर्यंत जायची आणि हे आपले कम्प्युटर अडवून, "हं, फुडलं पान काढ." मी चिडायचे. "अण्णा, अहो जिवंत माणसं उभी आहेत हो!"

"जिवंत मानसाला तोंड हाय. त्यानं भांडावं. ह्यांनी कुनाकडं जायचं?"

आता ह्यावर रांगेतला माणूस काय बोलणार? बिचारा उत्पन्नाचा दाखला हातात धरून गप उभा राहायचा.

अण्णांची आणखी एक तऱ्हा म्हणजे ते कुणाला नाव विचारायचे नाहीत. "तुमाला गावात काय म्हंत्यात?" असं विचारायचे. त्यांचं म्हणणं, बिलावर आज्याचं नाव असतं, रेशनकार्डावर बापाचं, आणि गावाच्या तोंडी तिसरंच. खरं घर सापडतं ते त्या तिसऱ्या नावानं. ताकवाले, घारे, बहिरे, बोक्याचे, अशी दोन्ही तालुक्यांतली घरं त्यांना पाठ होती. माझं नाव त्यांनी कधीच विचारलं नाही. त्यांच्या डायरीत माझी नोंद 'मंचर, स्टँडजवळ, पंखा' अशी आहे. मी डोळ्यांनी वाचलीये.

त्या पाटीच्या गावातले तिघं काही सापडले नाहीत, पण एका दुपारी यादीत एक नाव आलं. रामा, बापाचं नाव सिदू, जिल्हा पुणे, खेचरांच्या तुकडीत, मेला तो इराकातल्या बसऱ्याला, तापानं. आणि आडनाव, बुद्रुक.

"असेल पारश्याबिरश्याचं," मी म्हटलं आणि पुढचं पान काढायला गेले.

"थांब." अण्णांनी स्टूल पुढं ओढलं. "पोरी, तुझं म्हायेर कुठलं?"

"बुद्रुकच की. तुम्हाला माहितीये..." असं म्हणता म्हणता मी स्क्रीनवरचं ते आडनाव पुन्हा वाचलं.

आमच्याकडं एकाच नावाची दोन दोन गावं शेजारी असतात. मोठं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द. पुढचं नाव दोघांचं सारखंच, मग ते बोलण्यात वेळ कोण घालवतो? "मी बुद्रुकचा", "आमची सून खुर्दची", एवढ्यावर भागतं. भरतीच्या टेबलावर कारकुनानं विचारलं असणार, नाव काय? रामा. पुढं काय? ह्यानं आपलं गावात सांगतात तसं सांगितलं, बुद्रुक. त्यानं लिहून घेतलं, वरच्या साहेबाला वाटलं आडनाव. शंभर वर्षं हा माणूस त्या यादीत गावाचं आडनाव लावून पडला होता, आणि तेही अर्ध्याच गावाचं.

अण्णा त्या दिवशी जेवायला घरी गेलेच नाहीत. पुणे जिल्ह्यातली बुद्रुक गावं लिहून काढत बसले. मग त्यांची ती खटारा मोपेड आणि एकेक बुद्रुक, लांबचं आधी. चार महिने हाच उद्योग. युद्धात कोण मेलं असं ते विचारायचे नाहीत, कारण तसं विचारलं की पाच जण हात वर करतात. "तुमच्या गावातनं गेला आन आलाच न्हाई, असा कोन व्हता का?" असं विचारायचे. एका गावात त्यांना पोलीस समजून चहा पाजला, दुसऱ्या गावात पोलीस समजूनच हाकललं. संध्याकाळी माझ्याकडं येऊन डायरीत एक गाव खोडायचे.

आणि मग एक दिवस, मी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं प्रूफ बघत होते, अण्णांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. फाडकन. मला वाटलं डास.

"पळे!" ते ओरडले. "आगं, पळ्यांचं घर! अवसरी बुद्रुकला! इतकी वर्सं रीडिंग घेतलं, कुठं पळालं ते इचारलंच न्हाई कधी!"

मला मोपेडवर मागं बसवून घेऊन गेले. अर्ज लिहायला कुणीतरी पाहिजे म्हणून. दुकानाला कुलूप लावून मी का गेले हे मला आजही सांगता येत नाही. अवसरी बुद्रुकच्या बौद्ध वस्तीत ते घर होतं. बिलावर चांगलं रीतसर आडनाव, पण वस्तीच्या तोंडावर कोणालाही विचारा, पळ्यांचं घर. ओसरीत बुद्धाची तसबीर, खाली कांद्याचा ढीग, आणि एक ऐंशीच्या घरातली म्हातारी कांदे निवडत बसलेली. अण्णांनी आधी मीटर बघितला. मग म्हणाले, "आक्का, तुमच्या घराला पळे का म्हंत्यात?"

म्हातारीनं मान वर केली. "मीटर वाचा आन चालायला लागा."

"मी रिटायर झालोय."

"मंग तर आजून लवकर लागा."

मीच मध्ये पडले, यादीतला रामा सांगितला, सिदू सांगितला, खेचरं सांगितली. सिदू म्हटल्यावर म्हातारीच्या हातातला कांदा हातातच राहिला.

रामा सिदू तिचा आजेसासरा. लढाईवर गेला तेव्हा बायको दोन जिवांची होती. गावातला दुसरा एक जण लढाईहून परत आला, त्यानं सांगितलं, मुंबईला बोटीपत्तुर संगं व्हता, मग काय दिसला नाय. एवढ्यावर गावानं निकाल लावला, बोट बघून पळाला. कागद नाही, तार नाही. तेव्हापासून घराचं नाव पळे. पोराला शाळेत पळे, नातवाला पळे. पाण्यावर भांडण झालं की समोरची बाई हमखास म्हणायची, तुमचं खानदानच पळपुटं.

"आन माजी आजेसासू," म्हातारी म्हणाली, "मरस्तवर कुकू लावायची. मी नवी नवरी आले तवा तिचं क्यास पांढरंफेक, आन कपाळाला ह्ये एवढं कुकू. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पळून गेल्याल्याचं कुकू म्हणं. आमी धम्म घेतला, द्येव सोडलं, पर तिनं कुकू न्हाई सोडलं. म्हनायची, मेला आसता तर कुनीतरी सांगितलं आसतं."

"आजी, हसणाऱ्या बायका आता कुठंयत?" मी विचारलं. मला वाटलं, समजूत घालावी.

"मेल्या की समद्या. पर ऐकल्याली मी हाय ना अजून!"

मग तिनं अण्णांकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "आन भाऊ, खरंच पळाला आसंल तर?"

अण्णा पुन्हा मीटर बघायला लागले. यादीतला तो बुद्रुक, आणि हिच्या घरातला हा पळे. दोघं एकच आहेत हे कागदानं सिद्ध झालं तर ठीक, नाहीतर अण्णांनी एका म्हातारीची जुनी जखम फुकटची उकरून ठेवली असं झालं असतं. परत येताना रस्त्यात एक स्पीडब्रेकर त्यांना दिसला नाही, तो माझ्या कंबरेला दिसला.

पुरावा कुठं मिळणार, तर कोतवाल बुकात. गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात असतात. आजकाल लोक तिकडं जातात ते जातीच्या दाखल्यासाठी. घोडेगावच्या तहसील कचेरीत खिडकीतल्या माणसानं फॉर्म बघून विचारलं, "कशासाठी पाहिजे? जातीचा दाखला?"

"न्हाई. मेल्याचा."

"मृत्यूचा दाखला म्हणा की."

"त्यो न्हाई. मेला हे म्हाईत हाय. कोन मेला त्यो पायजेल."

त्यानं पेन खाली ठेवलं. "अर्जदाराचं मयताशी नातं काय?"

"त्यांच्या घरचं रीडिंग घेतलंय मी," अण्णा म्हणाले.

नातं ह्या रकान्यात शेवटी काय लिहिलं मला माहीत नाही, पण नक्कल मिळाली. त्या माणसानंच रजिस्टर शोधायला मदत केली, हेही सांगितलं पाहिजे. सगळं मोडीत. मोडी वाचणारे एक गृहस्थ जुन्नरला सापडले, त्यांनी भिंग लावून वाचलं. मुलगा जन्मल्याची नोंद होती, बापाचं नाव रामा वल्द सिदू, आणि पुढं बारीक अक्षरात, 'हल्ली पलटणीत खेचरांकडे.' अण्णांनी तो कागद तीनदा वाचून घेतला आणि तिन्ही वेळा मान हलवली.

मग साहेबाला पत्र. अण्णा मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायचे, आणि शेवटी 'तसदीबद्दल क्षमस्व' घातलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. बुद्रुक हे आडनाव नाही, बुद्रुक म्हणजे मोठं, असं आम्ही लिहिलं. तीन आठवड्यांनी तिकडच्या बाईंचं अगदी नम्र उत्तर आलं. माहितीबद्दल आभार, तर मयत व्यक्ती अंगानं थोराड असल्यामुळे तिला 'मोठा रामा' म्हणत असत असं आम्ही समजावं काय?

अण्णांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. "मोठा रामा?"

"हो."

"आन खुर्दचा आसता तर बारका रामा?"

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही असं त्यांची सून सांगत होती. दुसऱ्या दिवशी आठ पानांचं उत्तर गेलं, सोबत दोन्ही अवसरींचा हातानं काढलेला नकाशा, मध्ये रस्ता, दोन्हीकडं बाण. नकाशात ट्रान्सफॉर्मर कुठं कुठं आहेत तेही दाखवलं होतं. मी म्हटलं, साहेबाला ट्रान्सफॉर्मर कशाला? तर म्हणाले, "आसूं दे, दिशा कळती."

ह्या सगळ्याची कुणकुण गावात लागल्याशिवाय थोडीच राहणार? एक होतकरू पुढारी दुकानात आले, गळ्यात उपरणं, दोन मोबाइल. "ताई, फ्लेक्स करायचाय. गावचा वीर सुपुत्र. वीस बाय दहा. मागं रणगाडा टाका, घोडा टाका, हातात तलवार."

"फोटो?"

"शंभर वर्सांपूर्वीचा फोटो कुठला आनू राव? कुनाचाबी टाका, मिशा जरा रुबाबदार बघा. आमच्याच भावकीतला आसनार त्यो. आमचं घरानंच लढवय्याचं."

मी घोडा शोधत होते तेवढ्यात अण्णा आले. स्क्रीनकडं बघितलं. "घोडा काढ. खेचरावर व्हता त्यो."

"म्हंजी खेचरावर बसून लढला?"

"बसून नाय. लगाम धरून. दारूगोळा, पानी, वैरन वाह्यची. आन लढून नाय मेला, तापानं मेला."

पुढाऱ्यांचा चेहरा उतरला. "अण्णा, खेचराचा फ्लेक्स लावला तर खुर्दवालं हसत्याल हो. कुठलं घर म्हनालात?"

अण्णांनी घर सांगितलं. पुढाऱ्यांनी एका मोबाइलवरून दुसऱ्यावर बघितलं. "आसं व्हय. मंग त्यांच्या वस्तीतच लावू द्या की त्यांना. बगू." आणि गेले. खेचराचं कारण त्यांनी मोठ्यानं सांगितलं, दुसरं सांगितलं नाही, पण हायवेच्या हॉर्नमध्येसुद्धा मला ते ऐकू आलं. माझं टाळकं सणकलं. अण्णा मात्र म्हणाले, "बरं झालं. रणगाड्याचा खर्च वाचला."

पावसाळा गेला, कांद्याची रोपं लागली, तिकडनं काही नाही. म्हातारी दर आठवड्याला नातवाच्या फोनवरनं मला फोन करायची. "आलं का वो कागूद?" नाही म्हटलं की म्हणायची, "न्हाई, मला कशाची घाई हाय?" ऐंशीच्या पुढच्या बाईनं असं म्हटलं की मला दुपारचा डबा गोड लागायचा नाही. एकदा तिनं विचारलं, "साहेबालाबी वाटत आसंल का, पळाला म्हून?" मी फोन ठेवला आणि रांगेतल्या माणसावर उगाचच खेकसले.

ईमेल आला तो एका मंगळवारी, बाजार होता त्या दिवशी. आम्ही पुरावे तपासले, नोंद दुरुस्त केली. रामा, सिदूचा मुलगा, राहणार अवसरी बुद्रुक. मी रंगीत प्रिंट काढली आणि मराठी खाली लिहिलं. दुकानात रांग होती. मी सगळ्यांना सांगितलं, दुपारी या. कुणी कुरकुरलं, त्याला अण्णांनी सांगायच्या आधी मीच सांगितलं की तुम्हाला तोंड आहे, तुम्ही नंतर भांडा.

म्हातारी ओसरीतच होती. अण्णांनी मीटर बघितला नाही. कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि ते वाचायला लागले. एवढा मोठ्यानं बोलणारा माणूस, पण आवाज पार खाली गेला होता. "रामा सिदू. राहणार अवसरी बुद्रुक. खेचरांच्या तुकडीत. नोकरीवर असताना बसऱ्याला मृत्यू."

"पळाला नाय," म्हातारी म्हणाली.

"न्हाई."

"मेलाच व्हता."

"मेलाच व्हता, आक्का. हितनं गेल्यावर वरीस भरायच्या आत."

"बरं झालं बया!"

ती हे एवढ्या मोठ्यानं आणि एवढ्या आनंदानं म्हणाली की मलाही हसू आलं. मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. तिनं कागदाकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, आणि कपाळावर हात मारून हेल काढला. "आवं आजीऽऽ, तुमचं कुकू गेलं वोऽऽ! कुनी सांगितलं न्हाई वो तुमालाऽऽ!"

असं रडणं मी आमच्याकडं मयताच्या दारात ऐकलंय, दुसरीकडं कुठं नाही. त्या घरात रामासाठी आजवर कुणी रडलंच नव्हतं. पळून गेलेल्यासाठी कोण रडतं? माझ्याही डोळ्यांना धार लागली. अण्णा दारात नुसते उभे, डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली.

आवाज ऐकून वस्तीतल्या बाया धावत आल्या. पुढं शेजारीण होती, भाकरी टाकता टाकता उठलेली, दोन्ही हात पिठाचे. "काय झालं? कोन गेलं? कोन गेलं वो?"

"यांचं आजेसासरं," अण्णा म्हणाले. "लढाईत गेलं."

"आँ? कवा?"

"शंभर वर्सं झाली. निरोप आज आलाय."

शेजारणीनं एकदा अण्णांकडं बघितलं, एकदा म्हातारीकडं. मग पिठाचे हात तसेच घेऊन ती आत आली आणि म्हातारीच्या गळ्यात पडून रडायला लागली.